माळ्यावर सापडलेली अनोळखी वस्तू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीच्या साफसफाईत आणि जुन्या घराच्या वाटणीत, या दोन वेळी मला सर्वांत जास्त फोटो येतात. खाली मजकूर ठरलेला: "दादा, हे काय आहे?" पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. मी शास्त्रज्ञ नाही. जुनी अवजारं हाताळायची आणि ती वापरलेल्या म्हाताऱ्या माणसांशी गप्पा मारायची हौस आहे, इतकंच.

वस्तू हातात आली. आधी काय करू?

काही करू नका. धुऊ नका, घासू नका, रंग तर अजिबात काढू नका.

हे मी स्वतः ठेच खाऊन शिकलो. आजीचा तांब्याचा हंडा मी हौसेने एका दुकानात देऊन मशीनवर पॉलिश करून आणला. आरशासारखा झाला. मामी आली, तिने काठावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "नाव कुठे गेलं?" गळ्याशी बारीक ठिपक्यांनी कोरलेलं पणजीच्या माहेरचं नाव आणि शक होता. चाकाखाली तो पुसटसा ठसा गेला. हंडा चकचकीत, पण कुणी कुणाला कधी दिला हे सांगणारी एकमेव ओळ गेली.

तेव्हा आधी कोरडं, मऊ फडकं. मग तिरप्या उजेडात धरून काठ, बूड, मुठीची आतली बाजू नीट बघा. ठिपक्यांचं नाव समोरच्या उजेडात दिसत नाही, बाजूने बॅटरी मारली की दिसतं. शक लिहिला असेल तर त्यात ७८ मिळवा: शके १८५० म्हणजे इ.स. १९२८. विक्रम संवत असेल तर ५७ वजा करा. एखाद्या वर्षाचा फरक पडतो, तेवढा चालतो.

नेमकं काय बघायचं? मला सगळं लोखंड सारखंच दिसतं.

झीज बघा. नक्षी फसवते, आकारही फसवतो, झीज सहसा फसवत नाही. हाताने झिजलेली जागा गुळगुळीत आणि काळपट असते, तिथे घामाचं तेल मुरलेलं असतं. दोरीने झिजलेली जागा म्हणजे गोलाकार खाच. धातूवर धातू घासला की सरळ, चकचकीत पट्टा पडतो. विस्तवाजवळ राहिलेलं लोखंड एका टोकाला खवल्यांचं आणि दुसऱ्या टोकाला धड असतं.

मग स्वतःला विचारा: हात कुठे होता, काम कुठे होत होतं, आणि दोन्हींच्या मधे काय हलत होतं? एवढ्याने निम्म्या वस्तू सुटतात. एकदा मला लाकडाच्या जाड चाकाचा फोटो आला. "बैलगाडीचं छोटं चाक असावं, कॉफी टेबल करायचं आहे." पण लोखंडी धाव, म्हणजे चाकावरची पट्टी, बसवण्याची जागाच नव्हती, उलट परिघावर खोल पन्हळ होती आणि पन्हळीत दोरखंडाने घासलेल्या तिरक्या रेघा. ते विहिरीवरच्या मोटेचं चाक. त्यावरून नाडा, म्हणजे मोटेचा जाड दोर, जायचा आणि पलीकडे बैल विहिरीजवळच्या उतारावरून खाली जायचे. (टेबल झालंच शेवटी. चांगलं दिसतं म्हणे.)

पातळ तांब्याची वाटी आहे, पण बुडाला बारीक भोक पडलंय. डाग देऊन बुजवून घेऊ का?

थांबा! भोक पडलेलं नसेल, पाडलेलं असेल.

ते घटिकापात्र असण्याची शक्यता आहे. मोठ्या भांड्यातल्या पाण्यावर ही वाटी तरंगत ठेवायची, भोकातून पाणी आत चढतं आणि एक घटका झाली की वाटी बुडते. एक घटका म्हणजे २४ मिनिटं, दिवसरात्र मिळून ६० घटका. लग्नाचा मुहूर्त साधायला ती मांडत. तपासणी घरीच होते: रुंद पातेल्यात स्वच्छ पाणी घ्या, वाटी अलगद सोडा, मोबाइलवर वेळ लावा. साधारण २४ मिनिटांनी बुडाली तर शंका संपली. भोकात मळ साचला असेल तर जास्त वेळ लागेल. पण टाचणीने कोरू नका, भोक मोठं झालं की ते घड्याळ कायमचं बिघडलं.

भोक असलेलं दुसरं भांडं म्हणजे अभिषेकपात्र. ते पिंडीवर टांगतात, म्हणून त्याला काठाशी कड्या किंवा साखळी अडकवायची भोकं असतात. घटिकापात्राला टांगण्याची सोय नसते. तरंगणाऱ्या भांड्याला ती कशाला?

गावच्या घरातून लाकडी वाडगा आणला. आत तीन भोकं आहेत. उलटा टांगून दिव्याची शेड केली आहे. मूळ काय होतं?

चाडं. पेरणीच्या तिफणीचा माथा. तीन भोकांत तीन पोकळ वेळूचे नळे बसायचे, खालची टोकं फणांच्या मागे. पेरणाऱ्याने मुठीतलं बी बोटांमधून चाड्यात सोडायचं, आणि ते तिन्ही नळ्यांत सारखं वाटलं गेलं पाहिजे. एका नळ्यात जास्त गेलं की तिथे दाट आणि शेजारी ओळ उघडी. हे काम अनेक ठिकाणी घरातली जाणती बाई करायची. "चाड्यावर मूठ धरली" म्हणजे पेरणी सुरू झाली, हा शब्दप्रयोग अजून वर्तमानपत्रांत दर जूनमध्ये येतो, पण चाडं पाहिलेले वाचक किती उरलेत कोण जाणे.

दोन भोकं असतील तर दुफण, चार असतील तर चौफण. पाभर हा शब्दही ऐकाल, पण तो गावागणिक वेगळ्या अवजाराला लावतात, त्यावर वाद घालू नका. काठाची एक बाजू आतून तुळतुळीत असेल, ती पेरणाऱ्याच्या मनगटाची जागा. दिव्याची शेड राहू दे, पण पाहुण्यांना "आफ्रिकन आर्ट" सांगू नका.

पोलादाची जाड पट्टी आहे, तिच्यावर लहान होत जाणारी भोकं ओळीने. नटबोल्ट मोजायचं माप का?

भोकं एका बाजूने मोठी आणि दुसऱ्या बाजूने बारीक, म्हणजे नरसाळ्यासारखी आहेत का? मग ती सोनाराची जंतर. सोन्याचांदीची कांब टोकाशी निमुळती करून मोठ्या भोकातून ओढायची, मग त्याहून लहान, मग त्याहून लहान, अशी तार बारीक होत जाते. मापाच्या पट्टीवर आकडे असतात आणि भोकं दोन्हीकडून सारखी असतात.

लांब दांडा, एकच तार, खाली रुंद फळी. कुठलं वाद्य आहे?

कापूस पिंजायची धनुकली. तार धातूची नसून आतड्याची असते, तिला तात म्हणतात. तिच्यासोबत डंबेलसारखा लाकडी ठोकळा मिळाला का? तो व्यायामाचा नव्हे, तातीवर आपटायचा. तात थरथरली की कापसाचे तंतू मोकळे होऊन उडायचे. पिंजारी गल्लीत आला की आधी तो टंकार ऐकू यायचा, मग माणूस दिसायचा. त्यामुळे वाद्य म्हणणारा अगदीच चुकत नाही.

अडकित्ता खरा जुना कसा ओळखायचा?

सुपारी फोडून बघा. थट्टा नाही. वापरातल्या अडकित्त्याचं पातं लोखंडी असतं, अंग पितळेचं असलं तरी. नुसत्या पितळेला धार टिकत नाही. पर्यटकांसाठी ओतलेल्या मोर, घोडा, मैना वगैरे अडकित्त्यांची दोन्ही अंगं पितळेची असतात आणि मिटल्यावर फट राहते. जुन्यात पातं खालच्या पाळीला लागतं, पात्याचा मधला भाग वर्षानुवर्षं धार लावून किंचित आत गेलेला असतो आणि खिळ्याशी थोडी खिळखिळ असते. नक्षी सर्वांत शेवटी बघा.

डब्यांसारखी लाकडी, लोखंडी, पितळी मापं मिळाली आहेत. कुठलं कुठलं?

हा माझा आवडता प्रश्न. सगळी मापं एका ओळीत लावा आणि ज्वारी घ्या, पाणी नको, लाकूड फुगतं. सर्वांत लहान भरून पुढच्यात ओता. बहुतेक ठिकाणी प्रत्येक माप आधीच्या दुप्पट निघतं: दोन निळव्यांचं एक कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर. त्यापुढे मात्र उडी, चार शेरांची एक पायली. मधलं एखादं हरवलं असेल तर तेही या दुपटीवरून कळतं.

"पण आमची पायली शेजारच्या गावच्या पायलीपेक्षा मोठी भरते." भरणारच. मापं गावागणिक, बाजारागणिक वेगळी होती, आणि भरायची रीतही वेगळी. कुठे काठोकाठ सपाट, कुठे काठावर धान्याचा ढीग, म्हणजे शीग लावून. शिगेने घेणारा आणि सपाट देणारा सावकार गोष्टीत उगाच आलेला नाही. मापाच्या कडेला लोखंडी पट्टी आणि तिच्यावर सरकारी ठसा असेल तर ते बाजारातलं, तपासलेलं माप. पट्टी नसेल, काठ बोथट असेल, तर घरात तांदूळ मोजायचं.

वजनांचं त्यामानाने सोपं आहे. एक तोळा सुमारे ११.६६ ग्रॅम, ८० तोळ्यांचा पक्का शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, ४० शेरांचा मण. चांदीचा इंग्रजी रुपया वजनाने बरोबर एक तोळा होता, म्हणून पुष्कळ घरांत वेगळं वजनच नसायचं, रुपये टाकून तोलायचे. एखाद्या पितळी तुकड्याला रुपया चिकटवलेला दिसला तर तो बहुधा दागिना नव्हे, वजन पुरं करायची युक्ती.

मेट्रिक वजनं १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने आली. षट्कोनी लोखंडी वजनाच्या बुडाशी शिशाचं बूच असतं. वजन हलकं झालं तर ते तिथे दुरुस्त करत आणि तपासणीचा ठसाही शिशावरच मारत. ठशात वर्ष आणि तिमाहीचं इंग्रजी अक्षर असतं. भिंगातून बघा, शेवटचा ठसा कळला की दुकान कधीपर्यंत चालू होतं याचा अंदाज येतो.

वस्तूवर इंग्रजी, जर्मन अक्षरं आहेत. त्यावरून वर्ष कळेल?

वर्ष क्वचित, पण "याच्या आधीची नाही" एवढं नक्की कळतं. ओळखीच्या कामात तेच जास्त उपयोगी.

ब्रिटिश मालावर "आर.डी. नं.", म्हणजे नक्षी-आकाराचा नोंदणी क्रमांक, आणि आकडा असेल तर १८८४ नंतरचा. त्याआधी, १८४२ ते १८८३, चौकटच्या पानासारखी खूण मारत. लक्षात घ्या, ही नोंदणीची तारीख. वस्तू त्यानंतर वीस वर्षांनीही बनलेली असू शकते. नुसतं "इंग्लंड" किंवा "जर्मनी" लिहायची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पक्की झाली. अमेरिकेने १८९१ पासून आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, त्याचाही त्यात हात आहे. "डी.आर.पी." म्हणजे जर्मन साम्राज्याचं पेटंट, १८७७ पासून. "डी.आर.जी.एम." म्हणजे तिथलीच छोट्या सुधारणांची नोंदणी, १८९१ पासून. ती कंपनीची नावं नाहीत, तरी "डी.आर.जी.एम. कंपनीचा वस्तरा" असे निरोप मला वर्षातून चारदा येतात. "ऑक्युपाइड जपान" दिसलं तर दुसऱ्या महायुद्धानंतरचं आणि १९५२ पर्यंतचं.

देशी मालावर पत्ता वाचा. कंपनी लाहोरची आणि खाली "इंडिया" असेल तर बहुधा फाळणीपूर्वीचं. "बॉम्बे ४" असा नुसता विभाग क्रमांक असेल आणि सहा आकडी पिन नसेल तर बहुधा १९७२ च्या आधीचं. किंमत आण्यांत असेल तर बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीची, कारण त्या दिवशी नवे पैसे आले.

पितळी स्टोव्ह स्वीडनच्या प्रायमसचा असेल तर बुडावरचं अक्षर शोधा. १९११ पासून वर्षाला एक अक्षर मारायला सुरुवात झाली, ए म्हणजे १९११. सिंगरच्या शिवणयंत्रावर नुसता आकडा असेल तर ते १९०० च्या आधीचं, आकड्याच्या आधी अक्षर असेल तर नंतरचं. भारतात आलेली अनेक यंत्रं स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातली आहेत.

अक्षर एकही नाही. मग?

धातू आणि जोड बघा. बेकेलाइटची, म्हणजे जुन्या कडक प्लास्टिकची, काळी मूठ १९०९ च्या आधीची असू शकत नाही. स्टेनलेस स्टील शेफील्डमध्ये १९१३ साली निघालं. अधिक खुणेचा, म्हणजे फुलीच्या खाचेचा स्क्रू १९३० च्या दशकात बाजारात आला. एका गृहस्थांनी मला "पेशवेकालीन" पेटी दाखवली होती, बिजागरीला चारही स्क्रू फुलीचे. मी म्हटलं, बिजागरी बदलली असेल. ते म्हणाले, नाही, सगळं मूळ आहे. मग मी चहा घेतला.

तीच गोष्ट लोखंडी नांगराची. फाळावर किर्लोस्करांचं नाव ओतलेलं असेल तर तो १९०३ नंतरचा, कारण लक्ष्मणराव किर्लोस्करांनी पहिला नांगर तेव्हा केला, आणि किर्लोस्करवाडी वसली १९१० साली. लोखंडाच्या नांगराने जमीन विषारी होते, असं तेव्हा शेतकरी म्हणत. पणजोबांनी तो कधी घेतला, ही गोष्ट घरात कुणाला आठवते का विचारा.

हाताने ठोकलेला खिळा चौकोनी आणि टोकाकडे निमुळता असतो, कारखान्यातला बहुधा गोल. रिव्हेटने जोडलेली वस्तू जुनी असेलच असं नाही, पण वेल्डिंगचा मणी दिसला तर वस्तू किंवा दुरुस्ती विसाव्या शतकातली किंवा त्यानंतरची.

टिनची छोटी पट्टी, टोकाला केसासारखी तार. डबाभर आहेत.

रॉकेलच्या स्टोव्हचं तुंबलेलं भोक मोकळं करायची पिन. हे विचारणारे आता तिशीचे असतात, तेव्हा आपलंच वय झालं म्हणायचं.

एखादी वस्तू धोकादायक असू शकते का?

हो, आणि इथे हौस बाजूला ठेवा. काडतूस, तोफगोळा किंवा त्यासारखं जड, बंद नळकांडं दिसलं तर उचलू नका, सगळ्यांना बाहेर काढा आणि ११२ लावा. अंधारात चमकणाऱ्या काट्यांचं जुनं घड्याळ किंवा लष्करी होकायंत्र उघडू नका, त्या रंगात रेडियम असू शकतं. पाऱ्याचा बॅरोमीटर आडवा करून गाडीत टाकू नका. कापडी वेष्टनाची वायर असलेलं काहीही "चालतंय का बघू" म्हणून प्लगला लावू नका.

घरात ठेवणं कायदेशीर आहे का?

चाडं, मापटं, रंधा यांबद्दल काळजी नको. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुनी, कलेच्या किंवा इतिहासाच्या दृष्टीने मोलाची वस्तू ही पुरावस्तू ठरते. ती परदेशात नेता येत नाही, आणि काही प्रकारांना नोंदणी लागते. अमेरिकेतल्या मुलीला आजीची मूर्ती पाठवण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारा. शेतात नांगरताना पुरलेलं काही सापडलं तर वेगळा कायदा, १८७८ चा: दहा रुपयांहून जास्त किमतीचं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. ठासणीची बंदूक निघाली तर शस्त्र कायदा आणि हस्तिदंती मूठ निघाली तर वन्यजीव कायदा, दोन्हींसाठी वकिलाला विचारा, मला नको.

किंमत किती येईल?

मी किंमत सांगत नाही. सांगितली की दोन दिवसांत वस्तू विकली जाते आणि तिची गोष्ट कुणीच लिहून ठेवत नाही. एवढंच सांगतो: रस्त्यावर मिळणारा पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन, दुर्बीण, जहाजाचं होकायंत्र हे बहुतेक नवीन माल असतात. त्यांच्या खोलगट जागांतला काळपटपणा रंगासारखा एकसारखा असतो आणि झीज नको त्या ठिकाणी असते. पुन्हा झीज!

फोटो कसा पाठवू?

दिवसाच्या उजेडात, शेजारी पट्टी किंवा रुपया ठेवून. समोरून एक, मागून एक, बुडाचा एक, हलणारा भाग उघडा आणि मिटलेला असे दोन. सोबत वजन आणि लोहचुंबक चिकटतं का ते. आणि कुठल्या गावच्या, कुठल्या घरातून निघाली ते. हे शेवटचं लोक हमखास विसरतात आणि बहुतेक वेळा उत्तर त्यातच असतं. सोनाराच्या वाड्यातली पट्टी आणि लोहाराच्या भात्याजवळची पट्टी एकसारखी दिसली तरी एक नसते.

प्रत्यक्ष बघायला कुठे जाऊ?

पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिनकर केळकरांनी आयुष्यभर घरगुती वस्तू जमवल्या आणि पुढे संग्रह राज्य सरकारला दिला. दिवे आणि अडकित्ते बघायला एक दिवस पुरत नाही. शेतीची अवजारं हवी असतील तर गोव्यात बाणावलीला गोवा चित्र, भांडी हवी असतील तर अहमदाबादचं वेचार. आपली वस्तू खिशात ठेवून जा, काचेपलीकडच्या वस्तूशी ताडून बघता येते. सुरक्षारक्षकाला आधी दाखवा म्हणजे झालं.

वस्तू संग्रहालयाला द्यायची आहे. सोबत काय द्यावं?

एक वही. तीत घरातल्या सर्वांत वयस्क माणसाच्या शब्दांत लिहा: हे कोण वापरायचं, कुठे टांगलेलं असायचं, काम करताना आवाज कसा यायचा, मोडलं की कुणाकडे न्यायचं. वस्तूचं घरातलं नावही लिहा, चुकीचं वाटलं तरी. आमच्या मामीने खरारा, म्हणजे घोड्याचं अंग घासायची लोखंडी फणी, आयुष्यभर नारळाच्या शेंड्या सोलायला वापरली आणि ती त्याला "शेंडीकाढं" म्हणायची. तिच्या वहीत तेच नाव आहे, आणि पुढे कंसात मी घोडा काढला आहे.